लाल म्हणजे कोणतं लाल?

वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय : जुन्या भित्तिचित्रांतले रंग आणि त्यांची शास्त्रीय तपासणी. उत्तरं देणाऱ्या बाई रसायनशास्त्राच्या आहेत. भित्तिचित्रांच्या जतनाच्या कामातून निवृत्त होऊन आता संभाजीनगरला असतात.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत अजिंठा पाहिला. गाइड म्हणाला, पानाफुलांचा रस आणि रत्नांची पूड वापरल्यामुळे हे रंग दीड हजार वर्षं टिकले. खरं आहे का? (ठाणे)

पानाफुलांचा रस आधी बाजूला काढू. फुलांचा रंग उजेडात ठेवला तर वर्षभरातच विटतो. तुम्ही घरी झेंडूच्या किंवा पळसाच्या पाण्याने कागद रंगवून खिडकीत ठेवून बघा. अजिंठ्याची रंगपेटी जवळजवळ सगळी मातीची आहे. तांबडा गेरूचा, पिवळा पिवडीच्या जातीच्या मातीचा, हिरवा हिरव्या मातीचा, पांढरा चुन्याचा किंवा केओलिनसारख्या पांढऱ्या मातीचा आणि काळा दिव्याच्या काजळीचा. गेरू आणि पिवडी हे लोहाचे ऑक्साइड. ते मुळात गंजलेलेच असतात, त्यामुळे हवा त्यांचं आणखी काही बिघडवू शकत नाही. टिकण्याचं रहस्य म्हणाल तर एवढंच आहे. त्यात रत्नांचा काही चमत्कार नाही.

हिरव्या मातीची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. लेण्यांच्या वाटेवर फेरीवाले तुमच्या मागे लागले असतील, 'क्रिस्टल घ्या साहेब' म्हणत. ते झिओलाइटचे स्फटिक आपल्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत सापडतात. असा एखादा खडा घेतला असेल तर उलटा करून पाहा. स्फटिकाच्या बुडाशी, दगडाला चिकटून, निळसर हिरवा मातकट थर बऱ्याचदा दिसतो. तो सेलॅडोनाइट. चित्रकारांची हिरवी माती तीच. म्हणजे ज्या डोंगरात लेणं कोरलं त्याच डोंगरातून हिरवा रंग निघत होता. तो आणायला कुठे जावं लागलं नाही.

रत्नाचा भाग मात्र निळ्यापुरता खरा आहे. तो निळा म्हणजे लाजवर्द (लॅपिस लाझुली) या निळ्या दगडाची पूड, आणि तो आला आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांतली सर्वांत जुनी चित्रं इसवीसनापूर्वीची आहेत, त्यांत हा निळा नाही. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात जी लेणी रंगली त्यांत तो येतो. मधल्या पाचसहाशे वर्षांत काय बदललं याचं एक उत्तर त्या निळ्यात आहे. व्यापारी, देणगीदार आणि पैसा, तिन्ही वाढले. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चेहऱ्याकडे लोक तासन् तास बघत राहतात. मी त्याच लेण्यात मान वर करून छतातला निळा बघते. इतक्या लांबून आणलेला रंग कुणी छताला का लावला असेल, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

प्रश्न : मी एम.एस्सी.ला आहे. आमच्या विभागात नवीन हॅंडहेल्ड एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्र आलंय. चित्राला हात न लावता ते रंग ओळखतं असं कंपनीचा माणूस म्हणाला. मग नमुना काढण्याची गरज उरतेच कुठे? (नांदेड)

कंपनीच्या माणसाने यंत्र विकलं, त्याचं काम झालं. आता तुमचं सुरू.

ते यंत्र भिंतीवर क्ष-किरण टाकतं आणि उलट येणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्य ओळखतं, रंग ओळखत नाही. भिंतीवर तीन ठिकाणी तांबडा आहे समजा. पहिल्या जागी लोह दिसलं तर गेरू, दुसऱ्या जागी पारा दिसला तर हिंगूळ, तिसऱ्या जागी शिसं दिसलं तर शेंदूर. डोळ्याला हे तिन्ही कधी कधी सारखेच दिसतात, आणि इथे यंत्र खरोखर कमाल करतं. मिनिटभरात सांगून मोकळं होतं. पारा आणि शिसं आपल्या मातीत सहसा नसतात, म्हणून दिसले की रंगातलेच, असं बऱ्यापैकी धिटाईने म्हणता येतं.

लोहाचं तसं नाही. क्ष-किरण रंगाच्या पातळ थरातून आरपार गिलाव्यात जातात, आणि दख्खनचा मातीचा गिलावा म्हणजे बेसॉल्टचीच झीज. त्यात लोह ठासून भरलेलं. अजिंठ्यासारख्या भिंतीवर पांढऱ्या वस्त्रावर यंत्र धरा, लोह दाखवील. काळ्या केसांवर धरा, तरी लोह. प्रत्येक जागी 'लोह सापडलं' असं लिहून अहवाल भरता येतो, आणि असे अहवाल मी वाचलेत. म्हणून आधी जिथे रंग पूर्ण उडालाय तिथल्या उघड्या गिलाव्यावर मोजायचं आणि मग त्याच्याशी तुलना करायची. दोन्हींतला फरक तेवढा आपला.

टायटॅनियमचा सापळा याहून वाईट. युरोपातल्या पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं, की टायटॅनियम दिसलं म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा, म्हणजे विसाव्या शतकातली दुरुस्ती. इटलीतल्या चुन्याच्या भिंतीवर हे ठीक आहे. आपल्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियमचं ऑक्साइड दोनेक टक्के, कधी त्याहून जास्त, मुळातच असतं. मग पाचव्या शतकातल्या भिंतीवरही टायटॅनियम दिसणारच. यंत्र हातात घेण्याआधी भिंतीमागचा दगड कोणता हे ज्याला माहीत नाही, त्याला यंत्र बरोबर आकडे देऊन चूक उत्तर देतं.

आणि लाजवर्द? त्यात सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, गंधक. सगळी हलकी मंडळी. सोडियमचे क्ष-किरण तर यंत्रापर्यंत पोचायच्या आत हवाच गिळते. नीळ, म्हणजे झाडापासूनचा इंडिगो, सेंद्रिय, तिचंही तेच. निळ्यावर यंत्र धरलं आणि तांबं आलं तर अझुराइट असेल, कोबाल्ट आलं तर दुसरं काही. काहीच वेगळं आलं नाही तर लाजवर्द किंवा नीळ असा नुसता संशय घ्यायचा. तिथून पुढे रामन वर्णपटाचं काम, म्हणजे लेझर टाकून परत येणाऱ्या उजेडावरून पदार्थ ओळखायचा. लाजवर्दचा निळेपणा त्यातल्या तीन गंधक अणूंच्या एका आयनामुळे येतो, आणि हिरव्या लेझरखाली त्याचं ५४८ च्या आसपासचं शिखर इतकं उंच येतं की नवखा माणूसही चुकत नाही. फक्त लेझरची ताकद कमी ठेवा. जास्त झाली तर पिवडीचा कण लेझरखालीच तापून गेरू होतो, आणि मग तुम्ही स्वतः केलेला गेरू चित्रकाराच्या नावावर जमा करता.

नमुन्याची गरज का उरते, ते आता सांगते. वरून काहीही करा, थर दिसत नाहीत. जिथे आधीच टवका उडालाय किंवा भेग आहे तिच्या कडेवरून, टाचणीच्या डोक्याहून लहान तुकडा घ्यायचा. चेहऱ्यावरून कधीही नाही. तो पारदर्शक रेझिनमध्ये बसवायचा आणि बारीक, आणखी बारीक कागदावर घासत चकचकीत करायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली भिंत आडवी कापल्यासारखी उघडते. तळाला तपकिरी जाडसर माती, तिच्यात तुसाचा किंवा धाग्याचा एखादा तुकडा. वर बारीक मातीचा थर. त्यावर पांढऱ्याची रेघ. मग तांबडा, बारीक दाण्यांचा. त्यावर निळा असेल तर त्याचे कण वेडेवाकडे, धारदार, लहानमोठे, आणि मधेच कॅल्साइटचा एखादा रंगहीन तुकडा. सगळ्यांच्या वर मधाच्या रंगाची एक पट्टी. दिवा बदलून अतिनील लावला की ती पट्टी नारिंगी उजळते. ती लाख. चित्रकाराची नाही, दीड हजार वर्षांनंतर आलेल्या माणसांची. तिची गोष्ट पुढच्या उत्तरात आहे.

हे सगळं एका कणात मिळतं. तुमचं यंत्र या सगळ्याची बेरीज करून एकच आकडा देतं.

प्रश्न : अजिंठ्याची चित्रं फोटोत रंगीत दिसतात, प्रत्यक्षात पिवळट आणि काळपट का वाटतात? फ्लॅशमुळे का? (जळगाव)

फ्लॅशला बंदी आहे ती योग्यच, पण हा दोष फ्लॅशचा नाही. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा धरवला, ते काम मोलाचं होतं. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी चित्रांवर लाखेचं वॉर्निशही लावलं. लाख लावल्यावर काही दिवस सगळं झळाळतं, मग ती पिवळी पडते, धूळ धरते आणि आकसताना खालचा रंग ओढते. त्यांच्या आधी जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुढे नकला करत होते. रंग उठून दिसावेत म्हणून त्यांच्याकडूनही वॉर्निश लागलं. त्या नकलांतल्या बऱ्याचशा १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. त्याआधी मेजर रॉबर्ट गिलच्या नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. नकला गेल्या, वॉर्निश राहिलं.

काळपटपणात वटवाघळांचा आणि धुराचाही वाटा आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेचे लोक कित्येक वर्षं कापसाच्या बोळ्याने, द्रावक बदलत, बोटभर बोटभर जागा साफ करत आलेत. कोणतं द्रावक लाख सोडवेल आणि खालच्या रंगाला धक्का लावणार नाही, हे खालचा रंग आणि त्याला धरणारा पदार्थ माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही. रंगांची तपासणी करायची ती मुख्यतः यासाठी. प्राचीन व्यापारावर शोधनिबंध निघतो तो वरकमाई.

प्रश्न : अजिंठ्याची चित्रं फ्रेस्को आहेत की नाहीत? प्रत्येक पुस्तकात वेगळं. (पुणे)

नाहीत. फ्रेस्को म्हणजे चुना ओला असताना त्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना वाळताना रंगाला स्वतःमध्ये बांधून घेतो. अजिंठ्याचा गिलावा मातीचा आहे, आणि रंग सुक्या पृष्ठभागावर सरसात कालवून लावलेले आहेत. डॉ. एस. परमशिवन या रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात अजिंठ्यासकट भारतातल्या अनेक ठिकाणच्या भित्तिचित्रांचे नमुने तपासून हे नीट मांडलं. त्यांच्याकडे ना रामन होतं ना लेझर. बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त म्हशीचं कातडं उकळून केलेल्या वज्रलेपाची कृती आहे, तोही एक सरसच. सरस पाण्यात विरघळतो. हे वाक्य पुढच्या प्रश्नाच्या वाईकरांनी दोनदा वाचावं.

तेलाचा उल्लेख कुणीतरी करणारच, म्हणून सांगून टाकते. भिंतीवर वाळणाऱ्या तेलात कालवलेला रंग सापडला तो अफगाणिस्तानात बामियानच्या लेण्यांत, साधारण सातव्या शतकातला. २००८ मध्ये ते जाहीर झालं. युरोपात तैलरंग रुळायच्या शेकडो वर्षं आधीचा. अजिंठ्याशी त्याचा संबंध जोडू नका.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या माडीवर गणपती, रासक्रीडा आणि एक लढाईचा प्रसंग रंगवलेला आहे. घरातले म्हणतात पेशवाईतला आहे. भिंतीला ओल आलीये. पेंटर म्हणतो, ओल्या फडक्याने पुसून, प्रायमर मारून, जुन्या रेघांवर नवीन रंग भरून देतो. तपासणी करून वय कळेल का? (वाई)

पेंटरला चहा द्या आणि परत पाठवा. ओलं फडकं लावू नका, कोरडंही नको. खोबरेल तेलाचा हात फिरवून 'रंग उजळवण्याचा' प्रकार तुमच्या भागात मी पाहिलाय, तोही नको. आधी छपरावर माणूस चढवून गळती कुठून आहे ते शोधा. ओल वरून येतेय की जोत्यातून, ते कळल्याशिवाय चित्राला हात लावण्यात काही अर्थ नाही. एका संध्याकाळी विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड टाका आणि फोटो काढा. फुगवटे, सुटलेले पापुद्रे, जुनी कोरलेली रेघ, सगळं सावलीत उठून दिसेल. ते फोटो पुढे येणाऱ्या माणसाला सोन्यासारखे.

आता वयाचं. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. अशी चित्रं पेशवाईत होत होतीच, तेव्हा घरच्यांचं म्हणणं अशक्य नाही. पण रंगावरून वय काढायचं गणित एकाच बाजूने चालतं. पेशवाई १८१८ ला संपली. कृत्रिम अल्ट्रामरीन, म्हणजे कारखान्यात केलेला लाजवर्दचा निळा, फ्रान्समध्ये १८२८ च्या सुमारास तयार झाला. कपड्यांना घालायची निळीची पूड म्हणजे हाच, झाडाची नीळ नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण एकसारखे, बारीक, गोलसर दिसतात. खाणीतल्या लाजवर्दचे कण वर सांगितले तसे वेडेवाकडे. तुमच्या कृष्णाच्या अंगाचा निळा कृत्रिम निघाला तर तो निळा पेशवाईतला नाही. हिरव्यात तांबं आणि आर्सेनिक एकत्र निघाले तर तो एमराल्ड ग्रीन असण्याची शक्यता मोठी, आणि तो युरोपातच १८१४ चा. पांढऱ्यात जस्त निघालं तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा काळ धरा. टायटॅनियमचं मात्र वरचं उत्तर वाचा आणि घाई करू नका.

यातलं काहीच सापडलं नाही, नुसता गेरू, पिवडी, चुना, काजळी आणि हिंगूळ निघाला, तर? तर काही सिद्ध होत नाही. गेरू अश्मयुगातही होता आणि काल बाजारातही. उलट, कृष्णात कृत्रिम निळा सापडला म्हणून सगळं चित्रच नंतरचं असंही नाही. पणजोबांच्या काळात कुणीतरी फक्त निळा पुन्हा भरला असेल. त्यासाठी कडेचा एक कण कापून बघावा लागतो. जुना निळा खाली, धुळीची रेघ मधे, नवा निळा वर, असं दिसलं की दुरुस्ती. धुळीची रेघ नसेल तर एकाच हाताचं काम. ती काळी बारीक रेघ मला कुठल्याही वर्णपटापेक्षा जास्त सांगते.

राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला फोटोंसह पत्र लिहा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-जतनाचं केंद्र आहे, तिथेही विचारून बघा. वेळ लागेल. तोवर माडीची खिडकी दुपारी बंद ठेवा आणि लग्नकार्यात भिंतीला थर्माकोलची कमान टेकवू नका.

प्रश्न : वेरूळच्या गिलाव्यात गांजा आहे, हे खरं की व्हॉट्सॲप? (छत्रपती संभाजीनगर)

या वेळी व्हॉट्सॲप बरंचसं बरोबर. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनशास्त्रज्ञ एम. सिंग आणि आपल्याच विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये हे प्रसिद्ध केलं. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली ते ताज्या झाडाशी ताडून बघितले गेले. तंतू चिवट असतो, ओलावा सांभाळतो आणि कीटक त्याच्या वाटेला जात नाहीत. अजिंठ्याच्या गिलाव्यातला वनस्पतीचा भाग कीटकांनी बऱ्याच ठिकाणी खाल्ला, वेरूळला तसं दिसत नाही. हसणाऱ्यांनी हसावं. मला मात्र यात गवंडी दिसतो.

प्रश्न : गावच्या मारुतीमागे भिंतीवर जुनं शेंदरी चित्र आहे, ते तपकिरी-काळं होत चाललंय. लोक म्हणतात कोप आहे. (संगमेश्वर)

कोप नाही, शिसं आहे. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. ओल आणि उजेड दोन्ही मिळाले की काही ठिकाणी त्याचा काळपट तपकिरी डायऑक्साइड होतो. तुमच्याकडचा पाऊस बघता नवल नाही. जवळ गोठा किंवा उघडं गटार असेल तर तिथला गंधकाचा वायूही शिशाला काळं करतो. बाजारात आता शेंदराच्या नावाने जे मिळतं ते शिशाचंच असेल असं नाही, त्यामुळे नवीन थर देऊन झाकू नका. नंतर तपासणाऱ्याला दोन शेंदूर वेगळे करत बसावं लागतं. आणि गाभाऱ्यात ज्याचा हात रोज शेंदरात असतो त्याने जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. शिसं विषारी आहे.

प्रश्न : मी आठवीला विज्ञान शिकवते. यातलं काही वर्गात करून दाखवता येईल का? (परभणी)

येईल. चमचाभर पिवडी लोखंडी पळीत घ्या आणि स्टोव्हवर चांगली तापवा. हलवत राहा. पिवळ्याची कडेकडेने तांबूस माती होत जाते. पिवडीतल्या खनिजात पाणी बांधलेलं असतं, ते निघून गेलं की उरतो तो गेरू. कुठल्या जुन्या भिंतीशी कधी आग पेटलेली असेल तर तिथल्या पिवळ्याचंही हेच होतं. मुलांना विचारा, की अशा भिंतीवरचा तांबडा चित्रकाराने लावलेला की आगीने केलेला, हे कशावरून ठरवाल? धुराची काजळी कुठे आहे, तांबडा रेघेच्या आत थांबतो की बाहेर पसरतो, पिवळा कुठे शिल्लक आहे का, हे मुलं बरोबर सुचवतात.

पिवडी मातीचीच आहे याची दुकानदाराकडे खात्री करून घ्या. भडक लिंबू-पिवळा असेल तर तो शिशाचा क्रोमेट असू शकतो, तो तापवू नका. खिडक्या उघड्या ठेवा, आणि पळी शाळेच्या खिचडीची नको.